शिडाची मोकळी कड

छाणीच्या जकातनाक्यावरनं आत वळलं की भंगारवाल्याच्या पुढची तिसरी शेड अहल्या जगदाळेची. पाटीबिटी काही नाही, तिची गरजही कधी लागली नाही. ‘ताडपत्रीवाळां बेन’ म्हटलं की हायवेवरचा कुठलाही ट्रकवाला बोट दाखवतो. आत दोन मशिनी, एक लांबडं फळकूट, मेणाचा गोळा आणि भिंतीला लहानापासनं मोठ्यापर्यंत ओळीनं अडकवलेले दाभण.

अहल्या माण तालुक्यातली. बाप पोती शिवायचा. पेंडीची, शेंगांची, फाटकी, उंदरानं कुरतडलेली, कसलीही. त्याचं एकच म्हणणं असायचं, ढिलं कापड आणि ढिली जीभ, दोन्ही फाटायचीच. पोरीनं ते सातव्या वर्षी दाभणाबरोबरच उचललं. पुढं बापू जगदाळे या गड्याशी लग्न झालं आणि एकोणऐंशी साली ती बडोद्याला आली. बापू कोयलीच्या रिफायनरीत खलाशी. इथं खलाशाचा आणि बोटीचा संबंध नाही. दहा टनांचा पंप दोर, कप्पी आणि साखळीवर उचलून अलगद चौथऱ्यावर बसवणारा, तो खलाशी.

ब्याऐंशी साली अहल्यानं ही शेड भाड्यानं घेतली. नव्वदनंतर कारखाने वाढले, ट्रक वाढले, ताडपत्र्यांचा ढीग शेडबाहेर यायला लागला. मग गुंडाळ्यांच्या गुंडाळ्या तयार प्लास्टिकचा माल बाजारात उतरला आणि ढीग पुन्हा आत गेला. बापूचं काम ठेकेदाराच्या माणसांकडं गेलं, त्यानं दोन हजार साली आपणहून निवृत्ती घेतली, आणि शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागला.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र हलली नाही. एकोणीस वर्षांत अहल्याच्या हातचं काम परत आलं नव्हतं, एकसुद्धा नाही. ट्रकवाला घासाघीस करायला लागला की ती एवढंच म्हणायची, "शिवलेलं परत आलं तर दुसरं फुकट." दुसरं फुकट द्यायची वेळ कधी आली नाही. या वाक्यावर तिची शेड उभी होती.

दोन हजार एकची दिवाळी सरली आणि दारात एक जीप थांबली. टपावर आठ-नऊ फुटी लांबडी पिशवी. आतनं उतरला इंद्रनील. याचे पणजोबा संस्थानच्या कचेरीत, आजोबाही तिथंच, हा एका कंपनीत इंजिनियर. कंपनीनं आठ महिने जर्मनीला पाठवलं. माणसं तिकडनं गाण्याची मशीन आणतात, यानं वाऱ्यावर चालणारी फळी आणली आणि तिला लावायचं एक जुनं शीड.

"केम छो काकी! एक शीड फाटलंय. बाभळीत घुसलं. शिवून देणार?"

"दावा तर आधी."

"उभं केल्याशिवाय दिसायचं नाही, थांबा."

त्यानं अंगणात शीड पसरलं. अहल्यानं नजरेनंच मोजलं, शंभर चौरस फूट. ट्रकच्या हौद्यावर निम्म्याला येईल. कापड कसलं, एक्स-रेच्या फिल्मसारखं पारदर्शक प्लास्टिक, आत जाळीदार धागे. आडव्या आठ कामट्या फायबरच्या, लेंग्याच्या नाडीला असतो तसा एका बाजूनं रुंद नेफा, आणि त्या नेफ्यात डोलकाठी घालायची.

"एवढा मोठा नेफा कशापायी? आत माणूस झोपंल की."

"आत चिमटे आहेत ना, काकी. हे बघा." नेफ्याला जागोजाग चेन होत्या. त्यातली एक उघडून त्यानं आतला प्लास्टिकचा चिमटा दाखवला. बेचकीसारखा, एक टोक कामटीत बसवलेलं, दुसरं मोकळं. "याला कॅंबर म्हणतात. हे तीन आहेत. ही बेचकी डोलकाठीला धरते आणि कामटीला मागनं रेटते. म्हणून वारा नसला तरी शिडाला पोट राहतं."

आणि मग त्याची खरी कुस्ती सुरू झाली. दोन तुकड्यांची काठी जोडून नेफ्यात सारायची, चिमटे वाटेत आले की बाजूला वळवायचे. काठीच्या बुडाशी लहान कप्प्या, त्यातनं दोरी शिडाच्या खालच्या टोकाला. ही दोरी ओढून शीड खाली ताणायचं. इतकं ताणायचं की सरळ काठीचं धनुष्य व्हावं. इंद्रनीलनं बुडाला पाय लावला, दोरी हाताला गुंडाळली आणि ओढली. मान लाल झाली. दोरी वीतभर आली, थांबली.

बापू खुर्चीतनं बघत होता. "आवं राव, बैल हाय का त्यो? दोरीवर दोरी चढलीया. त्यानं अडतंय. सरा जरा."

त्यानं दोरी सगळी काढली आणि एकही फेरा दुसऱ्यावर चढणार नाही अशी पुन्हा ओवली. टोकाला वीतभर लोखंडी सळीचा तुकडा आडवा बांधला आणि दोन्ही हातांनी मागं झुकला. दोरी सुरसुरत आली. दोन बोटं उरली तेव्हा इंद्रनील ओरडला, "बस बस, आता चिमटे!" त्यानं चेनींतनं हात घालून तिन्ही चिमटे एकेक करून काठीवर चढवले. खट्. खट्. खट्. मग बापूनं उरलेली दोन बोटं ओढली. कुणीतरी जुन्या मालकानं शिडावर काळ्या शाईची खूण केली होती, दोरीला मारलेली गाठ बरोबर तिथं आली.

पुढचं सोपं होतं. छातीच्या उंचीला आडवा दांडा आवळायचा, त्याच्या मागच्या टोकाला शीड दोरीनं खेचायचं, कामट्यांचे स्क्रू पिळून सुरकुत्या घालवायच्या. पडलेलं प्लास्टिक सुपासारखं फुगून बसलं. वाऱ्याची झुळूक नव्हती तरी पोट होतं.

"काय बेतानं केलंय मेल्यांनी," अहल्या म्हणाली.

फाटलं होतं ते वर, टोकाशी, मागच्या कडेला, हातभर. ती वाकली आणि तिला दुसरंच दिसलं. वरची ती मागची कड पार ढिली होती. बोट लावलं की लपकलपक. बाकी शीड ढोलासारखं टणक आणि वर चार-पाच फूट झालरीसारखं लोंबतंय.

तिच्या मनात आलं, जुनं झालंय, ताणलंय. तिनं विचारलं नाही. ढगळ पँट आली तर शिंपी विचारतो का, ढगळ का म्हणून? इंद्रनील बापूला सांगत होता, "गोव्याला शर्यत आहे, पंधरा दिवसांवर. तिथं या दिवसांत वारा मंद असतो. लहान शिडानं फळी हलतसुद्धा नाही. हे असेल तरच जाण्यात अर्थ. काकी, फाटलंय तेवढं शिवून द्या."

"तेवढं" तिनं ऐकलं. कानानं ऐकलं, हातानं नाही.

दोन दिवस ती त्या कामावर होती. फाटलेल्यावर दोन्ही बाजूंनी पट्टी लावून दुहेरी शिवण मारली. आणि जाता जाता मागची कड वरनं खाली निमुळती, दोन बोटं आत घेतली. शिवण पट्टीखाली इतकी बेमालूम गेली की सांगितल्याशिवाय कुणाला कळू नये. बोट लावून बघितलं. आता कड टणक लागली. तिला बरं वाटलं. त्याचे पैसेही लावले नाहीत.

रविवारी तिघं जीपनं डभोईच्या पलीकडच्या सिंचनाच्या मोठ्या तळ्यावर गेले. बापू दोरीसाठी हवाच होता, आणि आपलं काम पाण्यावर कसं दिसतं ते अहल्याला बघायचं होतं. काठावर शीड पसरलं. बापूनं सळी धरून दोरी ओढली. गाठ काळ्या खुणेच्या चार बोटं अलीकडं येऊन थांबली. त्यानं पुन्हा ओढली. काठी करकरली, दोरी हलली नाही.

"राव, हितनं फुडं जाईना. जादा वढलं तर काठी जाईल."

"नवी पट्टी आहे ना, म्हणून असेल. चालेल," इंद्रनील म्हणाला.

बापूनं बायकोकडं बघितलं. ती तळ्याकडं बघत होती.

पाण्यात शीड आडवं पडलेलं. इंद्रनील फळीवर उभा राहून दोरीनं ते उचलायला लागला. नेफ्यात पाणी शिरलेलं, म्हणजे भरलेली पखालच ती. मागं झुकून, गुडघे वाकवून, त्यानं हळूहळू ते वर काढलं, पाणी गळून गेलं, आणि दांडा धरला. फळी निघाली. अहल्याच्या मनात आलं, बघा, कसं ताठ उभं आहे.

मग पाण्यावर एक काळपट लाट सरकत आली. वाऱ्याचा झोत. शीड त्या झोतासरशी आधी मागच्या हाताला ओढायला लागलं, मग वरनं झुकलं, आणि माणसासकट पुढं कोसळलं. इंद्रनील गोफणीतल्या दगडासारखा फळीवरनं उडाला. वर आला, चढला, परत शीड उचललं. दुसऱ्या झोताला परत तेच. तिसऱ्यांदा पडताना खांदा दांड्यावर आपटला. काठावर आला तो खांदा धरूनच.

"जर्मनीत हे असं कधी केलं नव्हतं यानं," तो धापा टाकत म्हणाला. "झोत आला की पळायचं. जितका झोत मोठा तितकं गुमान पळायचं. आता सगळी ओढ वर आणि मागं येते. धरवतच नाही. मारा बसनी वात नथी, काकी. मीच नीट बांधत नसेन, नाहीतर शीड म्हातारं झालं. गोवा राहू दे. तुम्हाला हवं तर घेऊन टाका, अंगणावर पाल करा."

कड आत घेतल्याचं अहल्याच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. परत येताना जीपमध्ये बापूच तेवढा डभोईच्या बाजारातल्या वांग्यांबद्दल बोलत राहिला. शीड छाणीच्या शेडमध्येच उतरवलं.

घरी जेवताना बापू भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "परलास्टिक धुतल्यावर आटतं का गं?"

"मला काय ठावं?"

"न्हाई, गेल्या टायमाला गाठ खुणंला व्हती. ह्या टायमाला चार बोटं अलीकडं. त्याच कप्प्या, तीच दोरी, मीच खुळा. मंग आटलं काय?"

"तुमाला काय बोलायचंय ते सरळ बोला."

"मला न्हाई बोलायचं. तुलाच काय बोलायचं असंल तर बग."

तिनं ताट सरकवलं. "येवढी लोंबत व्हती कड! गबाळ्यावानी. ती आत घेतली. बिगरपैशाची घेतली. त्यात काय मर्डर केला का?"

बापूनं हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाला, "आमच्या रिफायनरीतल्या उंच कॉलमवर, वरच्या अंगाला एक वॉल्व असतो. परेशर वाढलं की त्यो आपसूक उघडतो, जादाची वाफ सोडतो, परत बसतो. सुरवातीला एक नवा ठेकेदार आला, त्याला वाटलं वॉल्व गळतुया. त्याच्या माणसानं आवळून बंद केला. नशीब, साहेबानं टायमाला बगितलं. त्यो गळत नव्हता, अहल्या. त्यो सोडल्यालाच असतो. मुद्दाम."

अहल्यानं मनात हिशेब मांडला. ताडपत्री ढिली राहिली की वाऱ्यानं फडफडते, कड्या तोडते, माल भिजतो. ताडपत्रीला वारा नको असतो. पण या शिडाचं सगळं पोट वाऱ्यावरच. झोत आला की वरची कड उघडायची, जादाचा वारा मागनं सोडून द्यायची, म्हणून तो पोरगा उभा राहायचा. ती कड तिनं शिवून बंद केली होती. आणि कड आवळली म्हणून काठी वाकेना, काठी वाकेना म्हणून दोरी खुणेपर्यंत येईना. सगळं एकाच शिवणीनं.

आता सांगायचं तर एकोणीस वर्षांचं ते वाक्य गेलं. न सांगायचं तर कुणालाच कळणार नव्हतं. इंद्रनील स्वतःलाच दोष देत होता, शीड त्यानं सोडूनच दिलं होतं. बापू बोलला नसता. त्यानं आजवर तिचं काही बाहेर काढलं नव्हतं. सोमवारी सकाळी ती शेडमध्ये एका ट्रकची कड शिवायला बसली. पाय मशिनीवर, नजर कोपऱ्यातल्या त्या गुंडाळीवर. दोनदा सुई मोडली. तिसऱ्यांदा तिनं मशीन थांबवली आणि नाक्यावरच्या पीसीओत गेली.

"इंद्रनीलराव, अहल्या बोलतीया. शीड म्हातारं न्हाई झालं. तुमी बी नीट बांधताय. वरली कड मी आत घेतली, दोन बोटं. तुमाला न इचारता."

 पलीकडनं उत्तर आलं, "काकी, मी तीन वेळा पडलो. खांद्याला अजून शेकतोय. आणि तुम्ही जीपमध्ये पण काही बोलला नाहीत?"

"न्हाई बोलले."

"का?"

"माझं काम परत येत न्हाई, म्हणून." मग लगोलग म्हणाली, "शनवारपत्तोर मोकळं करून देती. मंग काय बोलायचं ते बोला."

उसवणं सोपं होतं. उसवल्यावरची गोष्ट अवघड निघाली. कापडातलं भोक दोरा निघाला की बुजतं. प्लास्टिकातलं बुजत नाही. कडेला टपालाच्या तिकिटासारखी भोकांची रांगच्या रांग राहिली, एका झोताला टर्रकन फाटली असती. या खेपेला इंद्रनीलला विचारून तिनं शिडाच्या पिशवीचंच पातळ, न ताणणारं कापड अर्धा हात कापलं, त्याच्या पट्ट्या केल्या, भोकांवर दोन्ही बाजूंनी चिकटवल्या, आणि भोकांपासनं लांब, मोठ्या नागमोडी टाक्यानं शिवल्या. टाका घालताना मात्र कापड ओढायचं नव्हतं, आणि तेच तिच्यानं होईना. हात सातव्या वर्षापासनं ओढायलाच शिकलेला. शेवटी बापूला समोर बसवलं.

"मी वढायला लागले की हातावर मारा."

"लगीन झाल्यापासनं वाट बगतुया," बापू म्हणाला, आणि खरंच दोनदा मारलं.

शनिवारी परत तळं. इंद्रनील आला, राम राम केला आणि सरळ कामाला लागला. पसरणं, काठी, दोरी. बापू मागं झुकला. गाठ काळ्या खुणेवर येऊन बसली. तीन चिमटे खट् खट् खट्. वरची कड परत लोंबायला लागली, गबाळ्यासारखी. अहल्याला बघवेना, पण बघितली.

"पाण्यात न्यायच्या आदी माझ्या हातात द्या," ती म्हणाली.

"काकी, जड आहे."

"ताडपत्री काय कापसाची असती व्हय?"

तिनं पदर खोचला. त्यानं काठीचं बूड वाळूत रोवलं, दांडा तिच्या हातात दिला आणि बाजूनं काठीला आधार देऊन उभा राहिला. वारा यायचा, बसायचा. बसला तरी शीड मऊ पडत नव्हतं, पोट तसंच. मग झोत आला. तिनं टाच वाळूत रुतवली. ओढ आली, पण खालनं आली, दोन्ही हातांना सारखी, नांगराच्या चालत्या बैलासारखी. तिनं वर बघितलं. ती लोंबती कड उघडली होती, वरचं टोक मागं वळून वारा सोडत होतं. झोत गेला आणि कड परत बसली. तिनं दांडा उलट फिरवला. चिमटे काठीभोवती अडले, ताणले, आणि खट् करून दुसऱ्या अंगाला गेले. पोट दुसरीकडं.

"मागच्या रविवारी असंच धरलं असतं तर मला बी उडवलं असतं," तिनं दांडा परत दिला. "जावा आता."

वारा इतका मंद होता की बापूच्या विडीचा धूर सरळ वर जाऊन मग थोडासा कलत होता. काठावरची माणसं म्हणत होती, यात काय चालणार. इंद्रनीलनं ती पखाल उचलली, दांडा धरला, आणि फळी म्हशीसारखी पाणी कापत निघाली. मग एक झोत आला. फळीचं नाक वर आलं, पाणी मागं फुटलं, आणि बघता बघता फळी पाण्यातनं निघून पाण्यावर आली. झोत सरला तरी थांबली नाही. पोटातला वारा पुढच्या झोतापर्यंत पुरवत ती चालली. वरची कड उघडझाप करत होती.

पलीकडच्या काठाशी वळताना तो पडला. जोरात झटका दिल्याशिवाय चिमटे उलटत नाहीत, आणि एवढं शीड झटकायला त्याचा दुखरा खांदा कमी पडला. नेफ्यात पाणी भरलं, उचलायला पाच मिनिटं गेली. पण आला. परतीला एका दमात आला. काठाला लागल्यावर धावत येऊन म्हणाला, "आता हे शीड आहे!"

"मंग आदी काय व्हतं?" बापूनं विचारलं.

"ताडपत्री," इंद्रनील म्हणाला, आणि मग अहल्याकडं बघून जीभ चावली. ती हसली नाही. पण रागावलीही नाही, कारण ते खरं होतं.

गोव्याला एकोणीस जणांत तो अकरावा आला. परत येताना काजूचं पाकीट घेऊन शेडवर आला. उसवल्याचे आणि पट्ट्यांचे पैसे द्यायला लागला तर अहल्यानं घेतले नाहीत. शिवलेलं परत आलं तर दुसरं फुकट, हे तिनं एकोणीस वर्षं सांगितलं होतं. पहिल्यांदा ते करायची वेळ आली.

ते वाक्य ती अजून म्हणते. फक्त घासाघीस करणारा ट्रकवाला "बेन, काम परत नथी आवतुं ने?" असं विचारतो, तेव्हा पूर्वीसारखी मान उडवत नाही. "येक आलंय," म्हणते, आणि पुढचं माप घेते.

दुसरा एक फरक पडला, त्यानं मात्र बापूला हसू आवरत नाही. ताडपत्रीची कड कुठं ढिली दिसली की ती दाभण खाली ठेवते, ट्रकवाल्याला आत बोलावते, आणि गंभीर तोंड करून विचारते, "ही हितं ढिली ठेवलीया, ती कशापायी?"

ट्रकवाला तिच्याकडं बघतो, बापूकडं बघतो.

"अरे बेन, फाटी गयेलुं छे, बीजुं शुं!"

"फाटलंय व्हय, मंग ठीक," म्हणून अहल्या दाभण उचलते आणि आवळते.